रंगवलेला दोर

पोळ्याच्या सकाळी गोठ्यात थिनरचा वास येतोच. शिंगं रंगवायचा ऑइलपेंट, तो पातळ करायला ओतलेलं थिनर, शेणावर सांडलेले लाल-पिवळे थेंब, यात नवल काही नसतं. नवल खुंटीवर होतं. पुनमचे दोन्ही निळे दोर, कड्यावरून माणसं उतरवायचे दोर, पिवळेधमक होऊन लटकत होते. मध्ये मध्ये लाल पट्टे ओढलेले आणि टोकांना लोकरीचे गोंडे.

"आये, हे कुणी केलं?" ती तिथूनच ओरडली.

गोजरबाई पुरणाचे हात घेऊनच दारात आली. पोरगी हरखली असंच तिला वाटलं. "तुझ्या बापानं. काल तू हिंगोलीला गेल्ती तवा दिसभर बसून केलं. बैलायचे कासरे झाले, मंग म्हनला, पोरीचे बी करतो. तिचं बी पोट दोरावरच हाय."

पुनमने खुंटीवरचा एक दोर बोटांनी चाचपला.

हिमालयात जाऊन ती गिर्यारोहणाचं शिकून आली तेव्हा पुसेगावच्या बाजारात लोक किसनरावाला विचारत, पोरगी काय करून राहिली? आणि किसनराव सरळ थाप मारत, पुण्याकडं आहे, नोकरीला. पोरगी दोराला लटकते आणि शहरातली रिकामटेकडी माणसं कड्यावरून खाली सोडते, हे सांगायला त्यांची जीभ रेटत नसे. गावामागच्या घारीच्या कड्यावर कँप सुरू झाला तरी ते एकदाही बघायला गेले नव्हते. दोर मात्र गोठ्यातच असत, कारण कँपच्या शेडमध्ये उंदीर झाले होते. त्या दोरांकडेही त्यांनी कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. आणि आता हे. तिचं पोट दोरावर आहे, हे बापाच्या तोंडून ऐकायला ती वर्षानुवर्षं आसुसली होती आणि ते आलं ते थिनरमध्ये बुडून.

किसनराव बैल धुऊन आले. लुंगी गुडघ्यापर्यंत ओली, चेहऱ्यावर लपवून न लपणारं हसू.

"कसे दिसून राहिले?"

"आबा, तुमी मला इचारलं काहून न्हाई?"

"त्यात काय इचारायचं? बैलाचा कासरा रंगवतो तवा बैलाला इचारतो काय?"

"हा सुताचा कासरा न्हाई. नायलन हाय. थिनर लागलं की हे आतून खराब होतं."

"कुठं झालं? दाखव." त्यांनी दोर दोन्ही हातांत धरून असा हिसका दिला की खुंटी हलली. "बांध माझ्या लाल्याला. न्हाई तुटला तर?"

"दिसतच न्हाई ना ते! वरून काईच कळत न्हाई. एखादा दिवस तुटणार न्हाई, आन् एखाद्या दिवशी माणूस मधी लटकल्यावर तुटंल. मंग कुणाच्या दारात जाऊन सांगू, पोळा व्हता म्हणून रंगवला?"

सणाच्या दिवशी, बैलांसमोर, बापावर असं तोंड टाकून ती बोलली. गोजरबाईने कपाळाला हात लावला. किसनरावांचं हसू विझलं. त्यांनी रंगाचा डबा उचलला, झाकण दाबून लावलं आणि कोपऱ्यात आपटला. तिथे गेल्या वर्षीच्या कासऱ्यांचे हात-हातभर तुकडे पडले होते. दर पोळ्याला नवा कासरा आला की किसनराव जुना असाच तोडत, तो कितीही धड दिसो. त्यांचा भाऊ नरसिंग एकदा असल्याच धड दिसणाऱ्या जुन्या दोरावर गाळ काढायला विहिरीत उतरला होता. दोर तुटला, कंबर गेली, आणि मरेपर्यंत तो बाजेवर राहिला. त्यानंतर या घरात जुना दोर अख्खा राहिला नाही. तुकडे न्हाणीच्या चुलीत जात.

तेवढ्यात अंगणात जीप येऊन थांबली.

जीपमधून दाढीवाला पुष्कर उतरला. हिंगोलीचा, कचेरीतून निवृत्त झालेल्या बंडोपंतांचा मुलगा, पुनमचा भागीदार. कँपला त्याने असलं इंग्रजी नाव ठेवलं होतं की गावात ते एकालाही धड म्हणता येत नसे. या वेळी त्याची नवी टूम होती, सकाळी कडा उतरा, दुपारी पोळा बघा. त्यासाठी नांदेडहून पाहुणे आले होते आणि कड्यावर चहा पीत वाट बघत होते.

त्याने दोर पाहिले आणि मोबाइल काढला. "अरे वा! काका, हे तुम्ही केलंत? याला म्हणतात डोकं. लोक वेडे होतील."

"आज उतरायचं बंद," पुनम म्हणाली. "दोर गेले."

"गेले म्हणजे? समोर तर आहेत."

तिने सांगितलं. त्याने ऐकलं, म्हणजे मान हलवत फोटो काढले. "बघ पुनम, रंग वरून लागलाय. तूच म्हणतेस हा दोर गाडी ओढतो. सत्तर किलोच्या माणसाला काय होतंय? आणि पाहुणे पोचलेत. त्यांना काय सांगू?"

"सांग, दोर खराब झाले."

"पोळ्याच्या रंगाने खराब झाले, असं सांगू? हसतील लोक."

हसतील! पुनमच्या कानशिलात रक्त उसळलं. माणूस मेला तरी चालेल, पण कुणी हसता कामा नये. असल्या माणसाबरोबर आपण धंदा मांडला, या विचाराने तिला स्वतःचीच चीड आली. ती पुढे काही बोलणार, तोच किसनरावांनी खुंटीवरचे दोन्ही दोर खांद्यावर टाकले आणि ते जीपमध्ये जाऊन बसले.

"चल," ते पुष्करला म्हणाले. "मी उतरतो. माझ्या हातानं रंगवलाय, पयला मीच उतरणार. काय व्हतं ते सारे बघतील."

"आबा, खाली उतरा."

"काहून? बापाच्या हातात खोट हाय म्हनतीस ना? मंग बघ."

पुष्करने जीप सुरू केली. त्याला तर हे आयतंच मिळालं होतं. पुनम मागच्या फळीला धरून कशीबशी चढली.

घारीच्या कड्यावर पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. रंगीत दोर, गोंडे, खांद्यावर दोर घेतलेला म्हातारा शेतकरी, एवढं सगळं एका वेळी त्यांना कुठे मिळायचं? अद्वैत नावाचा एक उंच पोरगा पुढे आला, गळ्यात कॅमेरा, तोंडात च्युइंगम. "काका, तुम्ही पहिले? सुपर!" त्याने स्वतःच किसनरावांच्या कमरेला पट्टे चढवायला घेतले. लुंगीवरून पट्टे आवळले तेव्हा लोक हसले. किसनरावही कसनुसं हसले. पुनमने त्यांना असं लोकांसमोर हसताना कधी पाहिलं नव्हतं.

पुष्करने खडकातल्या खिळ्यांना धातूची कडी लावून दोर अडकवले आणि तशाच कडीने किसनरावांचा पट्टा दोराला जोडला. हे काम पुनमचं होतं, त्याने तिला विचारलंसुद्धा नाही.

"पुष्कर, मी शेवटचं सांगते."

"दोन मिनिटं, पुनम. काका हौसेने तयार झालेत. तू सणाच्या दिवशी रडगाणं लावू नकोस."

किसनराव पाठमोरे होऊन धारेकडे सरकले. ते उताराला घाबरत होते, कड्याला घाबरत होते, पण पोरीसमोर माघार घ्यायला त्याहून जास्त घाबरत होते. पुनमला हे स्वच्छ दिसलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हा म्हातारा आपलं म्हणणं खरं करायला जीव देईल, हा दाढीवाला त्याचं चित्रण करील, आणि ही मंडळी टाळ्या वाजवतील.

तिने धावत जाऊन बापाच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि सगळा जोर लावून त्यांना मागे ओढलं. दोघेही खडकावर आपटले. तिने त्यांच्या कमरेची कडी सोडवली, खिशातला चाकू काढला आणि खिळ्याजवळ एकामागून एक दोन्ही दोर कापले.

टाळ्या थांबल्या.

"वेडी झालीस का?" पुष्कर किंचाळला.

"व्हय, झाले! माझ्या बापाला तमाशाला उभा करतोस? दुसरा कुणी असता तरी कापला असता, पण हा माझा बाप हाय, ऐकलं का? आन् तुमी," ती पाहुण्यांकडे वळली, "तुमाला थरार पायजे ना? ज्याचा जीव जाईल त्याच्या घरी जाऊन बघा, किती थरार असतो ते!"

अद्वैतचं च्युइंगम तोंडातच राहिलं.

किसनराव उठले. कोपर खरचटलं होतं. त्यांनी पट्टे काढायचा प्रयत्न केला, ते निघेनात. पुनम मदतीला वाकली तर त्यांनी तिचा हात झटकला. "पोळ्याच्या दिशी दोर तोडलास," ते एवढंच म्हणाले. शेवटी पट्टे कसेबसे खाली ढकलून ते त्यांतून बाहेर आले आणि पायवाटेने एकटेच उतरले.

पुनम जरा वेळाने घरी पोचली तेव्हा ते ओसरीवर बसले होते. दोन्ही बैल सजून अंगणात उभे होते, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, पिवळे कासरे. वेशीत तोरण बांधलं गेलं होतं, ते तुटलं की पोळा फुटून बैल घरोघर निघणार होते; वाजंत्री ऐकू येत होती. गोजरबाई औक्षणाचं ताट घेऊन उभी होती आणि नवऱ्याला उठवायची तिची हिंमत होत नव्हती.

पुनम बापासमोर उभी राहिली. माफी मागायला नव्हे. तिचा राग अजून उतरला नव्हता.

"मी पुन्हा बी कापीन," ती म्हणाली.

किसनराव मान वर न करता म्हणाले, "किती तुकडे केले?"

"काय?"

"दोराचे. किती तुकडे केलेस?"

"खिळ्यापाशी कापले. एकेकाचे दोन."

त्यांनी मान वर केली. सकाळपासूनचा अपमान त्यांच्या डोळ्यांत होता, पण आता त्याच्यावर दुसरंच काहीतरी चढलं होतं. "म्हंजे हातभर तिकडं खिळ्याला, आन् बाकी दोर तसाच लांबच्या लांब पडलेला?"

पुनमचा चेहरा उतरला.

"नरसिंगाचा दोर बी असाच व्हता. टोकाला कापलेला. मीच कापला व्हता, मीच गोठ्यात टाकला व्हता. त्यानं गाठ मारून घेतला." ते उठले. आढ्याला खोचलेला विळा त्यांनी ओढून काढला. "एवढं शिकून आलीस, आन् अर्ध्यात सोडून आलीस व्हय?"

हे त्यांनी आजवर घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. गोजरबाईने ताट खाली ठेवलं. "अवं, तोरण तुटंल आता," ती कशीबशी म्हणाली.

"तुटू दे. बैल थांबतील. ते दाढीवालं थांबणार न्हाई."

पोळ्याला सजवलेले बैल दारात सोडून घरधनी डोंगराकडे निघाल्याचं गावाने तोवर पाहिलं नव्हतं. वेशीतली माणसं हाका मारत राहिली. किसनराव पुढे, पुनम मागे. चढावर म्हाताऱ्याला धाप लागली तरी ते थांबले नाहीत.

वर गाठ मारून झाली होती. पुष्करने दोन्ही दोर पुन्हा खिळ्यांना बांधले होते, आणि अद्वैत पट्टे आवळून हसत उभा होता. कडी अजून अडकवायची होती.

"काका, आता सगळं नीट केलंय," पुष्कर म्हणाला.

किसनरावांनी त्याला उत्तर दिलं नाही. खडकावर बसकण मारून त्यांनी दोराचं टोक ओढून घेतलं, पायाच्या अंगठ्यात दाबलं आणि विळा चालवला. पहिला तुकडा बाजूला पडला. मग दुसरा. गोंड्यासकट तिसरा.

"अहो काका, महाग दोर आहे तो! पुनम, सांग ना यांना!"

"हात लावून बघ," पुनम म्हणाली. तिच्या हातात उघडा चाकू होता. पुष्करने हात लावला नाही.

ती बापाच्या शेजारी बसली, दुसऱ्या दोराचं टोक ओढलं आणि कापायला लागली. अद्वैतने गुपचूप पट्टे सोडले. पाहुणे एकेक करून जीपकडे वळले. बराच वेळ फक्त विळ्याचा आणि चाकूचा आवाज होता. कापलेल्या तोंडांतून आतले पांढरे धागे डोकावत होते, चांगले का वाईट, ते बघून काही कळत नव्हतं.

"लहान कर," किसनराव खेकसले. "एवढ्याची गाठ बसते."

"करून राहिले ना."

"हातभर. त्याच्यावर नको."

खाली गावात वाजंत्री एकदम चढली. तोरण तुटलं होतं. सगळ्यांचे बैल आता घरोघर निघाले असतील आणि यांचे दारातच उभे असतील. किसनरावांनी तिकडे बघितलं, मग तुकड्यांच्या ढिगाकडे. काल दिवसभराचं काम होतं ते. त्यांनी विळा खाली ठेवला.

"मला वाटलं, पोरीच्या दोराला बी सण असावा," ते म्हणाले. आवाजात राग होताच, पण तो फाटला होता.

पुनमने चाकू मिटला. "सकाळी मी असं ओरडायला नको व्हतं," असं तिला म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच. "दोराला काईच लावायचं न्हाई, आबा. कधीच न्हाई."

"समजलं." त्यांनी खिळ्याला लटकणाऱ्या कडीकडे बोट केलं. "अन् ते? धातू हाय ना ते? त्याला चालतं का हळदकुंकू?"

पुनमने कडी काढली आणि बापाच्या हातात दिली.

"त्याला चालतं," ती म्हणाली.