रुईच्या खोलीची कडी

“आग कशानं लागली होती, आजी?” स्वरदानं विचारलं आणि मोबाईल कडूबाईच्या आणखी जवळ सरकवला.

पस्तीस वर्षं कडूबाईपाशी या प्रश्नाचं एकच उत्तर होतं. तिच्यासोबत कामाला असलेल्या दगडाबाईनं बिडी ओढली. लासूर स्टेशन गावात कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. पण ही पोरगी शहरातून दुसऱ्यांदा तिच्या ओट्यावर येऊन बसली होती. नानासाहेबांच्या बंद पडलेल्या जिनिंगचं आता मंगल कार्यालय होत होतं. नकाशे स्वरदाचे होते आणि दर्शनी भिंतीवर कारखान्याचा इतिहासही तीच लिहिणार होती. मागच्या खेपेला तिनं खूप काही विचारलं. निजामाच्या काळातल्या या दगडी भिंती, कापसातून सरकी वेगळी करणारे ते रेचे, रुईच्या गाठी वॅगनमध्ये कोण चढवायचं, सगळंच. कडूबाईनं बावीस वर्षं रेच्यापुढं बसून कापूस सारला होता. तिला याआधी कोणी काही विचारलं नव्हतं.

“बिडी नव्हती, बाई,” कडूबाई म्हणाली. “दगडाबाईनं जन्मात बिडीला हात लावला नाय.”

कडूबाईला आता थांबता येईना.

“रुईच्या खोलीतली वायर आठ दिसांपासून ठिणग्या टाकीत हुती. मनीजरला समद्यांनी सांगितलं. त्या दिशी आमाला रेच्यावरून तिथं रुई भराया धाडलं हुतं. माझं पोरगं लिंबाखाली रडाया लागलं, म्हणून म्या त्याला पाजाया भाईर आले. माझ्या मागं बाकीच्या उठतील म्हणून मनीजरनं भाईरून कडी घातली. म्या बघितली घालताना. आन् मग धूर निघाला.”

“आणि मॅनेजर?”

“जेवाया गेला हुता. कडीला कुलूप. चावी त्याच्या खिशात. लोकांनी दार फोडलं तवर तिघीजणी गेल्या हुत्या.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “दारामागं सगळ्यात पुढं दगडाबाईच हुती.”

स्वरदानं सगळं टिपून घेतलं. जाताना ती कडूबाईच्या पाया पडली. “आजी, हे भिंतीवर येईल,” ती म्हणाली. त्या दिवशी कडूबाईला भाकर गोड लागली.

उद्घाटनाला सगळा गाव लोटला. रेच्यांच्या लांबलचक दालनात झुंबरं लागली होती. रुईच्या खोलीची वधूपक्षाची खोली झाली होती, दाराला पितळी मूठ बसवली होती. जुनी कामगार म्हणून कडूबाईला पहिल्या रांगेत खुर्ची होती. ती आधी भिंतीपाशी गेली. तिला वाचता येत नव्हतं. बाजूला उभ्या असलेल्या स्वरदाला ती म्हणाली, “वाच की, बाई.”

स्वरदानं हळू आवाजात वाचलं, “एकोणीसशे एकोणनव्वद साली एका महिला कामगाराच्या बिडीमुळे भीषण आग लागली. तरीही नानासाहेबांनी जिद्दीनं कारखाना पुन्हा उभा केला.”

“हे म्या नाय सांगितलं,” कडूबाई म्हणाली.

“मी तुम्ही सांगितलं तसंच लिहून दिलं होतं, आजी. पण राजेंद्र सरांनी, नानासाहेबांच्या चिरंजीवांनी, जुना जबाब काढून दाखवला. दगडाबाईला बिडी पेटवताना स्वतः पाहिलं, असं त्यात आहे. खाली तुमचाच अंगठा आहे.”

अंगठा तिचाच होता. आग विझल्यावर तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं तिला बोलावून शाईची डबी पुढं केली होती. “काम टिकवायचं असेल तर लाव,” एवढंच तो म्हणाला होता. मांडीवर पोर होतं, नवरा खाटेला खिळलेला होता. तिनं काय लिहिलंय हे विचारलंही नाही. तिला माहीत होतं. त्यानंतर कारखाना बंद पडेपर्यंत पंधरा वर्षं ती दगडाबाईच्याच जागेवर बसली.

राजेंद्रनं तिच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि हसत माईक पुढं केला. “दोन शब्द बोला, मावशी.”

“दगडाबाई बिडी पेत नव्हती,” कडूबाई म्हणाली. भोंग्यातून आलेला स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. “भाईरून कडी हुती. म्या खोटा अंगठा...”

राजेंद्रनं अगदी हळुवारपणे माईक काढून घेतला. “मावशींना भरून आलंय,” तो म्हणाला. “होतं असं, वयोमानानं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँड सुरू झाला.

मांडवामागं जेवणाची ताटं घासायला बायका बसल्या होत्या. त्यात कौतिका होती, दगडाबाईची मुलगी. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. शाळेत तिला ‘बिडी’ म्हणत. लग्नात सासूनं तेच काढलं, नवऱ्यानं दारू पिऊन तेच काढलं. मागच्या भोंग्यातून तिनं सगळं ऐकलं होतं.

कडूबाई तिच्यापुढं येऊन उभी राहिली.

“तुमाला ठाव हुतं?” मान वर न करता कौतिकानं विचारलं.

“व्हय.”

“पयल्यापासून?”

“व्हय. मला काम पाहिजे हुतं, कौतिके.”

कौतिकाचा हात थांबला. कडूबाईला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल, खरकटं अंगावर फेकेल. तिला ते सगळं हवं होतं.

“माझी माय मला तुमाला मावशी म्हणाया लावायची,” कौतिका म्हणाली, “आन् म्या म्हणत आले. काल बाजारात बी म्हणले.”

ती राखेत हात घालून पुन्हा घासायला लागली.

कडूबाई शाल सावरत तिच्या शेजारी खाली बसली. गुडघे कुरकुरले. तिनं ढिगातलं एक ताट ओढलं, राख घेतली, घासलं, विसळलं आणि स्वच्छ ताटांच्या चळतीवर ठेवलं.

कौतिकानं ते ताट चळतीवरून उचललं, आपल्यापुढं घेतलं आणि पहिल्यापासून घासायला सुरुवात केली.