उण्याचा झाला अधिक

ड्रेस्डेनच्या त्या कचेरीत हेन्रिकेचं काम दिसायला क्षुल्लक. रुळांचे जुने नकाशे वाचायचे आणि तुकड्या-तुकड्याचा चढउतार नव्या माहितीत भरायचा, सगळ्या देशांच्या रेल्वेला एकसारखा कळेल असा. नियम साधा होता. किलोमीटर वाढतात तिकडे तोंड करायचं. चढ असला तर अधिक, उतार असला तर उणे.

"हजारात चार? एवढा उतार दिसतो तरी का कुणाला?" धाकटा भाऊ यॉर्न चिडवायचा. "अगं हेनी, तुझा उतार कागदावरचा, माझा बुडाखालचा!"

तो डोंगरात रूळदुरुस्तीच्या टोळीवर होता. सामानाचा डबा रुळावर उभा करताना रुळांलगत फळी टाकून तिच्यावर बिअरची रिकामी बाटली आडवी ठेवायचा. ती घरंगळेल त्या बाजूला चाकाखाली पाचर. कचेरीच्या कागदावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता.

नोव्हेंबरातली धुकट दुपार. बटाट्याचं सूप पीत हेन्रिकेने खाणीच्या फाट्याचा पुढचा नकाशा उघडला आणि चमचा हातातच राहिला. शून्य किलोमीटरचा दगड वर, खाणीच्या दारात! रूळ खाणवाल्यांनी घातलेला, मग मोजणीही त्यांनी आपल्याच दारापासून केली. तिने मात्र इतर फाट्यांसारखी ती खालच्या गावापासून धरली होती. मेलं ते एवढंसं चिन्ह! उण्याच्या जागी अधिक पडलं होतं, म्हणजे कागदावर उतार गावाऐवजी खाणीकडे दिसत होता, आणि तोच कागद सकाळी यॉर्नच्या टोळीकडे गेला होता.

तिने फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला, तेव्हा यॉर्नचा जोडीदार उल्फ बोलला.

"उल्फ, पाचर गावाकडून घाला! खाणीकडून नको! माझं चुकलंय, यॉर्नला सांग पटकन!"



"डबा सुटला, हेन्रिके. गावाच्या बाजूला. यॉर्न तिथेच रुळावर वाकला होता. गेला गं तो."

"असं कसं? बाटली... तो बाटली ठेवतो ना! नेहमी ठेवतो!" ती ओरडली.

"काढली होती त्याने. मग कागदाच्या तळाशी तुझं नाव दिसलं. हसला आणि बाटली परत पिशवीत टाकली. म्हणाला, आमच्या हेनीने केलंय, आज राहू दे."