श्रवणयंत्र दुरुस्तीत सगळ्यात वर

माझं दुकान मिक्सर दुरुस्तीचं. पण वेबसाइटवर मी लोक जे जे शोधतात ते सगळं ठोकून दिलं होतं. शिलाई मशीन, दुर्बीण, अगदी श्रवणयंत्रसुद्धा. माणूस एकदा दारात आला की घरचा मिक्सर आणतोच, असं माझं डोकं. बायको म्हणायची, "एक दिवस तोंडावर आपटाल." मी खो खो हसायचो.

परवा दुपारी एक आजोबा आले. रुमालातून श्रवणयंत्र काढून म्हणाले, "पाण्याच्या टाकीपासून दोन बस बदलून आलो. नातीनं फोनवर तुझं दुकान शोधलं. संध्याकाळी शाळेत गाणार आहे ती. तेवढं ऐकू आलं पाहिजे, बाबा."

शेंगदाण्याएवढं ते यंत्र. मला त्यातलं ओ की ठो कळेना. खरा कारागीर शोधावा म्हणून मीही फोनवर 'श्रवणयंत्र दुरुस्ती' टाकलं. सगळ्यात वर मीच! माझ्या खाली खरं दुकान. पत्ता, पाण्याच्या टाकीसमोर.

मी पुटपुटत कबूल केलं.

"मोठ्यानं बोल की!"

"आजोबा, मी खोटं लिहिलंय! मला हे काम येत नाही!"

अख्खी गल्ली वळून बघायला लागली. समोरच्या न्हाव्याची कात्री थांबली.

आजोबा यंत्र रुमालात गुंडाळत म्हणाले, "तुझ्या तोंडावरून मघाशीच कळलं होतं रे. म्हटलं, बोलतोस का बघू."

मी शटर ओढलं, त्यांना स्कूटरवर मागे बसवलं. टाकीपर्यंत एकदा तरी हसू आलं असेल तर शपथ.