संत्र्याच्या बिस्किटांची कृती

मैत्रिणीने संत्र्याच्या बिस्किटांची कृती स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ती तेव्हा कामाच्या गडबडीत ऐकली नाही, आणि मैत्रीण गेल्यावर ऐकवेना. आठ महिन्यांनी, एका रविवारी दुपारी त्यांनी मन घट्ट केलं आणि फोन ओट्यावर उभा केला.

“लोणी मऊ होऊ दे. घाई करू नकोस, तुझा पिंडच घाईचा.”

बाईंना हसू आलं. साल किसताना किसणी पांढऱ्या भागाला लागली, आणि नेमका तेव्हाच आवाज म्हणाला, “बास. पांढरं आलं की कडू होतं.”

बाईंनी चटकन मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

कृती संपली, ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि बाई टेबलाशी बसल्या. फोन मात्र चालूच होता, कारण मैत्रीण रेकॉर्डिंग बंद करायला विसरली होती. तिच्या नवऱ्याचा आवाज आला, “डॉक्टर काय म्हणाले, ते तिला सांगितलंस का?”

“नाही. हातातली शिवण टाकून ती इथेच येऊन बसेल. बिस्किटं तरी सुखाने करू दे.”

बाईंनी तारीख पाहिली. त्यानंतर मैत्रीण तीन आठवडे होती. त्याच दिवशी ऐकलं असतं, तर त्या खरोखरच जाऊन बसल्या असत्या.

घरभर संत्र्याचा वास पसरला. ओव्हनची घंटी वाजली तरी बाई हलल्या नाहीत. आपण उठलो, तर समोरच्या रिकाम्या खुर्चीवरची मैत्रीणही उठून जाईल, असं त्यांना वाटत होतं.