अंगावर की पिशवीत

दोन कोनी कंसांच्या मध्ये तो एम बसला होता — एवढासा, निळ्या पडद्यावर पांढरा, वरच्या-खालच्या ओळींतल्या शेकडो खुणांसारखाच एक, नजर अडकावी असं त्यात काहीही नव्हतं... आणि तरी त्याची नजर अडकली, तीही पहिल्याच फेरीत, चहाचा कप अजून तोंडाला लागायचा होता तेव्हा. आभासी डिस्कचा ड्रायव्हर: एम. त्याने कप खाली ठेवला. पुन्हा वाचलं. मग यादी वर सरकवून आणखी एक ओळ शोधली. ती रिकामी होती, आणि ती रिकामीच असणार हे त्याला दिसण्याआधी कळलं होतं. म्हणजे चुकली. बायको चुकली होती.

आणि पोटात कुठेतरी — हे बोलायची लाज वाटते, पण बोलतोय तरी कुणाशी, इथे आत मी एकटाच तर आहे — पोटात कुठेतरी बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

फाइल तिने निघता निघता पाठवली होती. एका पायात चप्पल, दुसरी पायाने चाचपडत, खांद्यावरून घसरणारी बॅग सावरत ती म्हणाली होती, "जरा नजर टाकशील? दुपारी साहेबांना दाखवायचंय, वरचेही येणार आहेत. तू एकदा बघितलंस की बरं." तो बघतो म्हणाला. तो तिच्याच कामातला — कंपनी दुसरी, मजला तिसरा, टेबल खिडकीपासून लांबचं — आणि हे काम तिच्या आधी त्याला येत होतं. ही गोष्ट तो हल्ली कुणाला सांगत नसे, कारण सांगितल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समजूतदार हसू येतं ते त्याला पाठ झालं होतं.

काम तसं सांगायला सोपं आहे. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक खोटी यंत्रं चालतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण खरेच आहोत असं वाटत असतं. डिस्क खोटी, नेटवर्क खोटं, घड्याळसुद्धा दुसऱ्याचं. अशा यंत्रासाठी कर्नेल बांधायचा, म्हणजे त्याचा अगदी आतला गाभा, तर खऱ्या यंत्राला लागणारं ओझं त्याने कशाला वाहायचं? आवाज नको, कॅमेरा नको, बॅटरीच नाही तर बॅटरीची काळजी नको. प्रश्न हजारो, आणि प्रत्येकाला उत्तर तीनांतलं एक: वाय, एम, किंवा रिकामं. जेवढं काढाल तेवढा तो लवकर उठतो. तिचा तर पापणी लवायच्या आत उठायचा. गेले कित्येक महिने ती हेच करत होती, एकेक ओळ काढत, आणि जेवतानाही मध्येच घास थांबवून "अरे, ते जुन्या पोर्टचं पण काढता येईल की!" असं स्वतःशीच म्हणत. तिच्या साहेबांनी म्हणे मीटिंगमध्ये उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. उभं राहून. माझे साहेब मला बघून उठतात ते फक्त घरी जायची वेळ झाली असेल तर.

आणि शिकवलं कुणी? लग्नाच्या पहिल्या वर्षी, कपाट आणि पलंग यांच्यामध्ये कशीबशी मावणाऱ्या टेबलाशी, एकाच खुर्चीवर दोघं अर्धे अर्धे बसून. तेव्हा ती वेबसाइटांची रंगीत बटणं करायची, आणि हा निळा पडदा पाहून म्हणाली होती, "ही काय परीक्षा आहे का?" मग त्याने सांगितलं होतं: वाय म्हणजे अंगावर घातलेलं. एम म्हणजे पिशवीत, लागलं तर काढू. आणि रिकामं म्हणजे घरी कपाटात, आणलंच नाही. ती इतकी हसली की खुर्ची कलली. मग ती भाषाच झाली त्यांची. बाहेर पडताना, "स्वेटर अंगावर की पिशवीत?" पाहुणे यायचे असले की, "तुझे ते विनोद आज घरीच ठेव." आणि त्याने पुढे हेही सांगितलं होतं, अगदी गुरुजींसारखं बोट वर करून, की पिशवीचं कुलूप उघडायची किल्ली पिशवीत टाकायची नाही. डिस्क वाचणारा ड्रायव्हर डिस्कवरच ठेवला तर त्याला तिथून काढणार कोण? तो अंगावर हवा, नाहीतर त्याच्यासाठी दारातून निघताना खांद्याला एक लहान पिशवी लावावी लागते, सुरुवातीपुरती.

तेच झालं होतं. कालपर्यंत तिच्याकडे ती लहान पिशवी होती; यादीतली ती रिकामी ओळ तिचीच. काल संध्याकाळी आणखी थोडा वेळ वाचवायला तिने ती काढून टाकली — "आता बघच किती पटकन उठतो ते" — आणि त्या भरात ड्रायव्हर राहिला तसाच, एम. हा कर्नेल उठेल, डोळे उघडेल, डिस्क शोधेल, आणि डिस्क न सापडून जागच्या जागी कोसळेल. साहेबांपुढे. वरच्यांपुढे. मोठ्या पडद्यावर.

त्याने फोन उचलला. 'अगं, डिस्कचा ड्रायव्हर' एवढं टाइप केलं, आणि थांबला.

...मागच्या महिन्यात मावसबहिणीकडे सगळे जमले होते तेव्हा तिचा नवरा, माझ्या बायकोशी अर्धा तास भरभरून बोलून झाल्यावर, सभ्यपणा म्हणून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तुम्हीही त्याच लायनीत ना?" त्याच लायनीत. मी हो म्हणालो. काय म्हणणार होतो? ही लाइन मी काढली, असं? आणि आई. आईला कर्नेल कशाशी खातात ते माहीत नाही, तरी शेजारणीला सांगते, "आमची सूनबाई मोठमोठी यंत्रं जागी करते." आणि माझ्याबद्दल? "हाही दिवसभर कॉम्प्युटरवरच असतो." जन्म दिलेल्या आईने हे म्हणावं! मी जळतो. हो, जळतो, सरळ सांगतो, आणि जिच्यावर जळतो तीच घरी आल्यावर आधी माझ्या कपाळाला हात लावून बघते की डोकं दुखतंय का, म्हणजे धड जळायचीही सोय नाही.

त्याने टाइप केलेलं पुसलं. 'एकदा बघ ना, डिस्क' — तेही पुसलं. मग अंगठ्याने, जणू तो अंगठा आपला नाहीच, लिहिलं: 'बघितलं. छान आहे.' आणि पाठवलं.

उत्तर लगेच आलं. 'तू बघितलंस म्हणजे सुटले.'

चहा गार झाला होता. तो तसाच प्यायला.

मग त्याने जे केलं त्याचं कारण त्याला विचारलं असतं तर त्याने खात्री करून घेत होतो असं सांगितलं असतं. त्याने तिची फाइल घेऊन आपल्या यंत्रावर कर्नेल बांधला. बांधून होईपर्यंत दोन कंटाळवाणी कामं उरकली, कुणाच्या तरी तक्रारीला उत्तर दिलं. मग तो चालवला. ओळी झरझर वर सरकल्या, खरंच पापणी लवायच्या आत — किती सुंदर काढला होता तिने, एक फालतू ओळ नव्हती, मला इतका स्वच्छ कधी जमला नसता — आणि मग थांबल्या. डिस्क सापडत नाही. पुढे जाता येत नाही. काळा पडदा, शेवटची ओळ, बस. त्याने तो बंद केला आणि पुन्हा चालवला. पुन्हा पडला. पुन्हा.

"काय पाडतोयस रे एवढं?" मागून शेजारच्या टेबलावरचा मिशीवाला वाकून बघत होता.

"काही नाही. चाचणी चाललीय."

"मग हसतोयस काय?"

तो हसत होता हे त्याला माहीत नव्हतं. त्याने पडद्यावरची खिडकी बंद केली आणि चेहरा पुसला, घाम नसताना.

जेवणाचा डबा त्याने उघडला आणि तसाच मिटला. तिने पडावं असं मला वाटतंय का? नाही... खरंच नाही. त्याने नीट आत बघितलं, आणि तिथे भलतंच चित्र होतं: पडदा काळा झालाय, वरचे खुर्चीत चुळबुळ करताहेत, आणि ती बाहेरच्या पॅसेजमध्ये येऊन, कपाळावरचे केस मागे सारत, फोन लावतेय — मला. आणि मी, अगदी सहज, दुसरं काही करता करता, म्हणतोय, "अगं, तो पिशवीतला अंगावर घाल की." आणि पलीकडे ते हसणं, खुर्ची कललेली असतानाचं. एवढंच हवं होतं. तिने पडायला नको होतं, मला फोन करायला हवा होता. पण पडल्याशिवाय ती फोन करत नाही हल्ली, आणि पडत तर नाहीच.

तेवढ्यात फोन वाजला आणि तो दचकला, पण ती आई होती.

"झालं का रे तिचं?"

"अजून नाही. दुपारी आहे."

"सकाळी धड काही खाल्लं नाही तिने. तू आज तिच्याशी उगाच वाद घालू नकोस हं."

"मी कशाला वाद घालू?"

"नाही, आपलं सांगितलं. चेहरा पाडून बसतोस तू हल्ली." आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, "तू जेवलास का?"

तो जेवलो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला एकदम भरून आल्यासारखं झालं आणि त्याने ठरवलं, सांगायचं. आत्ता. अजून वेळ होता. एक खूण बदलायची, पुन्हा बांधायचा, आरामात झालं असतं. पण आधी आणखी एक तक्रार पुरी करू, मग एक राहिलेलं पत्र... त्याने पत्र फार मन लावून लिहिलं. कितीतरी दिवसांत एवढं चांगलं पत्र लिहिलं नव्हतं. आणि पत्र संपलं तेव्हा तिची वेळ नुकतीच सुरू झाली होती. मग त्याने फोन लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला, ती आत असताना कापतेच तसा. त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. फोन तर केला होता. केला नव्हता असं कुणी म्हणू शकलं नसतं, आणि ती उचलणार नाही ती वेळ साधूनच केला होता, हे फक्त मला माहीत होतं.

नंतरचा काळ तो फक्त बसून होता. जिन्यात कुणी हसलं तरी फोन सुलटा करून बघत होता.

ऑफिसातून निघून तो कोपऱ्यावरच्या सिग्नलला उभा होता तेव्हा तिचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज. तीही रस्त्यावरच होती.

"फोन केला होतास का रे?"

आवाजावरून काही कळेना. तिचा आवाज दमला की जड होतो आणि खूश झाली तरी जड होतो, इतक्या वर्षांत मला त्यातला फरक कळत नाही. त्याने सावधपणे म्हटलं, "असंच. आई विचारत होती."

"अरे, झालं! मस्त झालं. वरच्यांनी तीनदा चालवायला लावला. पण तुला गंमत सांगू? जेवायच्या सुट्टीत मी सहज चालवून बघितला, तर धाडकन पडला. डिस्कच सापडेना! हातपाय गार पडले माझे. आणि मग बघते तर काय, ड्रायव्हर पिशवीत!" ती हसत होती. "पिशवीच काढून टाकली आणि हा पिशवीत. इतकी वर्षं करतेय आणि बघ. नशीब, चालवल्याशिवाय पुढे नाही द्यायचा ही तू लावलेली सवय."

"हो," तो म्हणाला. सिग्नल हिरवा झाला. त्याच्या बाजूने माणसं निघाली.

"तुलाही नाही ना दिसलं?"

सहज विचारलं होतं तिने. संशय नव्हता त्यात. संशय असता तर मी भांडलो असतो, भांडायला मला येतं. त्याच्या डोळ्यांपुढून सगळी उत्तरं एका ओळीत गेली. दिसलं, म्हणून तर फोन केला — पण फोन आईसाठी होता, हे तोंडातून जाऊन मिनिटसुद्धा झालं नव्हतं. दिसलं, पण उशिरा... आणि सकाळचं 'छान आहे'? आणि दिसलं, पहिल्याच फेरीत दिसलं, तिकडे नजर जायच्या आधी दिसलं, तुझ्या ऑफिसातल्या एकालाही असं दिसलं नसतं! हे शेवटचं त्याला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "सुटलं नजरेतून."

"होतं रे." तिचा आवाज मऊ झाला, आजारी माणसाशी बोलताना होतो तसा. "तुझ्या मागे तुझी एवढी कामं, त्यात मी आणखी फाइली पाठवते. पुढच्या वेळी नाही देणार तुला त्रास. माझं मीच बघत जाईन."

"अगं, त्रास कसला..."

"नाही, खरंच. आणि जेवला नाहीस ना? आई म्हणाल्या, आवाजावरून कळलं त्यांना. लवकर ये."

फोन बंद झाला. सिग्नल पुन्हा लाल झाला होता आणि तो अजून अलीकडेच उभा होता, हातात फोन, आणि आत चाचपडून बघत होता, कारण सकाळपासून जे जळत होतं ते आता तिच्या दिशेने नव्हतं. तिला टाळ्या मिळाल्या, मिळू देत, त्याचं काही वाटत नव्हतं. पण तिच्या मनात इतकी वर्षं एक माणूस राहत होता, ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही असा, आणि आज संध्याकाळी तो तिथून गेला, मीच त्याला घालवला. त्या माणसाचा मला इतका हेवा वाटला की रस्ता मोकळा झाला तरी पाऊल उचलेना. मागून कुणीतरी म्हणालं, "चला की हो." तो बाजूला झाला आणि त्यांना जाऊ दिलं.