शंभरात सहा

"सहा," रुमाना स्वतःशीच म्हणाली आणि तिने स्लाइड पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.

सावेडीतल्या त्या खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती बावीस वर्षं रक्त तपासत होती. नवं मशीन आलं तेव्हा बाकीच्यांनी मायक्रोस्कोपला रामराम ठोकला. हिने नाही. मशीनच्या कागदावर जरा खटकणारा आकडा दिसला की ही काचेवर थेंब पसरणार, रंगवणार आणि शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून मोजणार. लोक म्हणत, बाईला हौस आहे. हौस कसली, खोड होती ती, आणि जित्याची खोड कधी जाते का?

दुसऱ्यांदाही सहाच. शंभरात पंचवीस-तीस तरी लिम्फोसाइट जातीच्या पेशी असायला हव्यात. याच माणसाच्या कालच्या रक्तात अकरा होत्या, आज सहा. बाकी रक्त ठणठणीत होतं. हिमोग्लोबिन चांगलं, प्लेटलेट भरपूर. फाइलवर डॉक्टरांनी 'विषाणूजन्य आजार' लिहिलं होतं, पण ताप एकदाही आलेला नव्हता. रुमाना उठली आणि सरळ वॉर्डात गेली.

पेशंटचं नाव कानिफनाथ. साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर, वय अठ्ठेचाळीस. मंगळवारपासून उलट्या म्हणून कारखान्याच्या जीपने त्याला आणून सोडलं होतं. आता तो बसून चहा पीत होता आणि घरी कधी सोडणार म्हणून नर्सच्या मागे लागला होता. रुमानाने विचारलं, मंगळवारी कुठे होता, काय केलं, सगळं सांगा.

सांगण्यासारखं काय, तो म्हणाला. हंगामाआधी बॉयलर पेटवायची पूजा, अग्निप्रदीपन, गुरुवारी, म्हणजे आजच. पत्रिका छापल्या, पाहुणे ठरले, पूजेला बसणारं जोडपंसुद्धा ठरलं, आणि पाइपांच्या वेल्डिंगचा एक्सरे मात्र राहिलेला. एरवी ते एक्सरेवाले सगळी माणसं बाहेर काढून काम करतात. या वेळी घाई होती म्हणून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पुढच्या बाजूने दोरी बांधली आणि सुरू केलं. मागच्या बाजूला कोणी पाहिलंच नाही. मागे पाइपांच्या सावलीत कानिफनाथची बावीस वर्षांची जेवायची जागा होती.

"भाकरी खाल्ली आन् पाइपाला पाठ लावून आडवा झालो, ताई. दीडेक तास डोळा लागला. उठलो तवा पल्याडच्या अंगाला त्यांची एक्सरेची नळी लावल्याली दिसली. माझ्या पाठीपासनं हातभर लांब आसंल. संध्याकाळच्या आत उलट्या लागल्या."

"पाठ दाखवा."

पाठ लालसर झाली होती. उन्हात राबल्यासारखी, तो म्हणाला. पण सदरा घालून झोपलेल्या माणसाला ऊन कुठलं लागायला?

डिप्लोमाच्या पुस्तकात एक्सरेच्या किरणांबद्दल चारच ओळी होत्या, आणि त्या रुमानाला पाठ होत्या. किरणांचा मोठा मारा बसला की आधी लिम्फोसाइट मरतात, दोन दिवसांत. बाकीचं रक्त दोन-तीन आठवडे बरं दिसतं आणि मग कोसळतं. तिने त्याच्यापासून काही लपवलं नाही. फाइलवर विषाणू लिहून मोकळे झालेले डॉक्टर सांगणार नव्हते हे तिला दिसत होतं.

"तुमच्याकडे कांदा असेल ना? शेतात लावलेला कांदा आज हिरवा आहे. पण पुढच्या लावणीसाठी टाकलेलं रोप वाफ्यातच जळालं तर?"

"तर पुढं लावायला काय न्हाई."

"रक्ताचं रोप हाडांच्या आत तयार होतं. ते जळालंय अशी मला शंका आहे. आज तुमच्या अंगात जे रक्त आहे, ते आधीचं लावलेलं."

कानिफनाथने कप खाली ठेवला. हाताच्या शिरांवरून त्याने अंगठा फिरवला.

"मंग मी मरनार का, ताई?"

"ते मला ठाऊक नाही. पण हातात थोडे दिवस आहेत, आणि ते इथे सलाईन लावून घालवायचे नाहीत. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं. आजच."

डॉक्टरांच्या केबिनमध्ये मात्र निराळाच सूर होता. कारखान्याच्या सहाशे कामगारांची तपासणी दरवर्षी याच हॉस्पिटलात होते, हे त्यांनी तिला दोनदा सांगितलं. प्लेटलेट चांगल्या आहेत ना, मग झालं. मशीन चुकलं असेल, नमुना गोठला असेल, तसंच लिहा, उद्या त्याला डिस्चार्ज देऊन टाकू. रुमाना म्हणाली, मी हाताने दोन वेळा मोजलंय. आणि तिने रिपोर्ट पुढे केला. शेऱ्याच्या रकान्यात तिने पेनाने लिहिलं होतं: लिम्फोसाइट दोन दिवसांत झपाट्याने कमी, किरणोत्सर्गाचा संशय. खाली वेळ आणि सही.

"तुमचं काम मोजायचं आहे," डॉक्टर म्हणाले. "निदान मी करतो. हा कागद फाडा."

"तुम्ही फाडा. एक प्रत पेशंटच्या खिशात आहे आणि दोन्ही दिवसांच्या स्लाइड त्याच्या पिशवीत. पुण्यात विचारतील, पहिल्या दोन दिवसांत रक्त कसं होतं. ते परत मोजता येणार नाही, डॉक्टर. ते दिवस गेले."

तिला भीती वाटत होती. त्या भीतीचा तिला रागही येत होता. डॉक्टरांनी कागद फाडला नाही. उद्यापासून येऊ नका, एवढं मात्र त्यांनी शांतपणे सांगितलं.

पेशंटने स्वतःच्या सहीने सुट्टी घेतली आणि अकराच्या सुमारास पुण्याची ॲम्ब्युलन्स निघाली. कानिफनाथ आपल्या पायांनी चालत गेला, स्ट्रेचर नको म्हणाला. वाटेतूनच त्याने कोणाकोणाला फोन केले, ते रुमानाला ठाऊक नव्हतं. दुपारी ती लॅबमधलं आपलं सामान आवरत होती, तेव्हा दारात चार माणसं येऊन उभी राहिली. सरळ अग्निप्रदीपनाच्या मांडवातून आली होती. अंगात कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट, कपाळावर कुंकू, सगळ्यांत वयस्काच्या हातात अजून प्रसादाचा पेढा. चौघेही बॉयलरवरचे.

"मंगळवारी आमीबी तिथंच व्हतो," त्यांच्यातला वयस्क म्हणाला. "कानिफ म्हनला, ताईकडनंच मोजून घ्या."

मागून डॉक्टर आले. या बाई आता इथे कामाला नाहीत, ते म्हणाले, यांच्या रिपोर्टला काही अर्थ नाही. वयस्काने पेढा टेबलावर ठेवला, स्टुलावर बसला आणि इस्त्री मोडत शर्टाची बाही कोपराच्या वर सारली. मागच्या तिघांनीही बाह्या सारल्या. डॉक्टर मागे वळले आणि निघून गेले.

रुमानाने हात धुतले.

"मूठ वळा," ती म्हणाली, "आणि पूर्ण नाव सांगा."