लुब्वामाचा होकार

लुब्वामाची बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, मासाकाच्या चढाला लागली, की खालच्या वस्तीतली म्हातारी माणसं कानात बोटं घालून बसायची. तिचा सायलेन्सर गंजून त्याला मुठीएवढं भोक पडलं होतं. लुब्वामाला त्याचं काही नव्हतं. उलट हॉर्न वाजवायची गरज पडत नाही, म्हणून गडी खूश होता. मागे बसलेल्या सवाऱ्या त्या गदारोळातही बोलत राहायच्या. कुणाला दुखवणं लुब्वामाच्या रक्तातच नव्हतं. त्यामुळे अक्षरही कळलं नाही तरी तो मान डोलावून ओरडायचा, "हो हो! का नाही!"

एके दिवशी गावचे चेअरमन कवूया यांनी त्याला रस्त्यात अडवलं. त्याच्याकडे न बघता, शेजारच्या केळीच्या झाडाकडे बघत ते म्हणाले, "शनिवारी माझ्या नाकिमेराला मागणी घालायला येतायत. भाषणं होतील, मोठी माणसं बोलतील. तेव्हा ही तोफ गप्प कर."

"हो," लुब्वामा म्हणाला. नाकिमेरा रोज त्याच्याच गाडीवरून बाजारात जायची. तिच्याशी बोलायची त्याची हिंमत नव्हती, पण ती मागे बसली की तो खड्डे चुकवत, लांबच्या रस्त्याने जायचा. आता तिला दुसरा कुणीतरी नेणार, आणि त्याचं भाषण नीट ऐकू यावं म्हणून गाडीचं तोंड आपण बांधायचं!

तरी त्याने बांधलं. आधी भांडी घासायच्या तारेच्या घासण्या नळीत कोंबून पाहिल्या. इंजिनाचा श्वास कोंडला, चढावर गाडीला ठसका लागला आणि पेटती घासणी सुटली ती थेट चेअरमनच्या कोंबड्याच्या शेपटीवर. मग तो सेकिट्टो मेकॅनिककडे गेला.

"इंजिनालाही नाक असतं, गाढवा," सेकिट्टो म्हणाला. त्याने आत भोकाभोकांची नळी बसवली, तिच्याभोवती काचेची लोकर गुंडाळली आणि वरचं भोक वेल्डिंगने बुजवलं. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली.

शनिवारी लुब्वामा चेअरमनची बहीण नामुड्डू हिला आणायला गेला. मुलीच्या आत्याशिवाय असलं कार्य होतच नाही. आत्या पिशवी सांभाळत मागे बसली आणि गाडी निघाली. तेव्हा लुब्वामाच्या लक्षात आलं की आत्या बोलतेय. तो बाईला वर्षानुवर्षं नेत होता, पण तिचा आवाज असा चिरका आहे हे त्याला आजच कळलं.

"...आणि या तेलकट जाकिटात येणारेस होय रे? लाज बाळग जरा. नवरा मुलगा म्हणे!"

"कोण नवरा मुलगा?"

"माझा आजोबा! अरे, तू!"

गाडी रताळ्याच्या वाफ्यात शिरता शिरता वाचली.

"आत्या, मी कधी..."

"कधी म्हणजे? पोरीने तुला बाजारच्या वाटेवर विचारलं, घरी बोलू का? तू म्हणालास, हो हो, का नाही. मग मी विचारलं. तेच. तुझ्या काकांना निरोप धाडू का म्हटलं, तरी तेच! ते मघाशीच मागणीच्या भेटींच्या टोपल्या घेऊन पोचलेत. कुणी एवढ्या जोरात होकार दिलेला मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता."

"मग चेअरमन मला काही बोलले कसे नाहीत?"

"होणाऱ्या जावयाशी बाप थेट बोलतो होय? केळीशी बोलला असेल." तिने पिशवीतून पांढरा पायघोळ कांझू काढला. "घाल."

मांडवात माणूस मावत नव्हता. काका मान ताठ करून बसले होते. भाषणं लांबली, आणि अखेर आत्याने नाकिमेराला बाहेर आणलं. मुलाच्या छातीवर फूल टाचायला ती वाकली आणि पुटपुटली, "चेहरा असा का? ऐकलं नव्हतंस ना तू?"

"एक शब्दही नाही," लुब्वामा म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

"मग हो कसा म्हणालास?"

"मी सगळ्यांनाच म्हणतो."

टाचणी कांझूतून आरपार गेली. लुब्वामा कळवळला.

"आता तू विचार," ती म्हणाली.

त्याने विचारलं. मुलाकडून बोलणारे गृहस्थ मागून ओरडले, "मोठ्याने! कोपऱ्यातल्यांना ऐकू येत नाही!" त्याने पुन्हा विचारलं, घसा फाटेस्तोवर, आणि हेही सांगितलं की लांबचा रस्ता तो खड्ड्यांमुळे घेत नव्हता. नाकिमेराने घाई केली नाही. आधी बापाकडे पाहिलं, मग काकांच्या टोपल्यांकडे, मग खाली मान घालून ती हसली आणि हो म्हणाली.

लग्न झाल्यावर इतर होकारांचे धनी येऊ लागले. गाडी गप्प, त्यामुळे ऐकू आलं नाही म्हणायचीही सोय नव्हती. लुब्वामा चर्चच्या गायकवृंदात उभा राहिला. फुटबॉलच्या संघाचा गोलकीपर झाला आणि संघ हरला. मग एक मनुष्य दारात आला. "माझ्या बैलाला खच्ची करायला तू येणार होतास."

लुब्वामाने बायकोकडे पाहिलं. ती भुईमूग कुटत होती, मदत करायचं काही लक्षण दिसेना.

"नाही येणार," तो म्हणाला. आयुष्यातला पहिलाच नकार. तो मनुष्य मात्र "बरं" म्हणाला आणि मूठभर दाणे उचलून चालता झाला.